नट-बोल्ट खडूच्या खात्यात लिहा

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



मी सरकारी आयटीआयमध्ये अठ्ठावीस वर्षं फिटर ट्रेड शिकवून निवृत्त झालेला निदेशक आहे. शाळाखात्याशी माझा थेट संबंध कधी आला नाही. तुमच्या शाळांतून दहावी होऊन बाहेर पडलेली पोरं माझ्या हाताखाली यायची, एवढीच आपली ओळख.

गेल्या जूनमध्ये आमच्या तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मुलांशी गप्पा मारायला मला बोलावलं होतं. गप्पा झाल्या, चहा आला, आणि मुख्याध्यापिका बाईंनी कौतुकाने कपाट उघडून दाखवलं. वरच्या खणात टॅब होते. चार्जिंगला लावलेले, काचा बोटांच्या ठशांनी मळलेल्या. खालच्या खणात एक भलामोठा खोका होता, पत्र्याच्या भोकाभोकांच्या पट्ट्या, चाकं, नट-बोल्ट असं जोडणीचं सामान असलेला. त्याच्यावरचं कारखान्यातलं प्लॅस्टिक तसंच होतं, आणि प्लॅस्टिकवरच पांढऱ्या ऑइलपेंटने शाळेचं नाव आणि नोंद क्रमांक घातला होता. हा खोका कोणी उघडणार नाही, हे रंगवणाऱ्यालासुद्धा माहीत असावं.

"बाई, हा काढत नाही का कधी?" मी विचारलं.

"सर, आत दोनशेच्या वर नग आहेत," बाई म्हणाल्या. "डेडस्टॉक रजिस्टरला चढलाय. एक नट हरवला तरी ऑडिटला मला उत्तर द्यायचंय. टॅबचं बरं असतं, मोजले की झालं."

मंत्रिमहोदय, हे पत्र या उत्तरासाठी लिहितो आहे. जोडणीची खेळणी चांगली की व्हिडिओ गेम, यावर वर्षानुवर्षं परिसंवाद चालले आहेत. त्या शाळेत मात्र निकाल एका रजिस्टरने लावून टाकला होता. टॅबमधला गणिताचा गेम कितीही खेळला तरी त्याचा तुकडा हरवत नाही. पट्ट्यांच्या खोक्याशी मुलं एक तास जरी मनापासून खेळली, तरी दोन-चार नट बाकाखाली जाणारच. बाईंचा दोष मी मानत नाही. त्यांच्या जागी मीही कपाट बंदच ठेवलं असतं.

आता माझ्या कामाचं थोडं सांगतो. ऑगस्टमध्ये नवी बॅच आली की पहिल्या आठवड्यात मी पोरांना दोन गोष्टी करायला द्यायचो. एक, सायकलची दोन्ही पेडलं पान्याने काढायची. उजवं पेडल निघायचं, डाव्यापाशी घाम फुटायचा, कारण डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ज्याने मामाच्या गॅरेजमध्ये सुट्ट्या काढल्या असतील तो गालात हसत पाना उलटा फिरवायचा. बाकीचे आणखी जोर लावायचे, आणि एखादा कडा मारून मोकळा व्हायचा. दुसरी गोष्ट, चार लोखंडी पट्ट्या आणि चार बोल्ट द्यायचो आणि सांगायचो, हलती चौकट करा. पाचपैकी चार पोरं बोल्ट असे आवळायची की चौकट जागची हलायची नाही. तेच बोल्ट ढिले ठेवले की चार वेळा हलवल्यावर नट गळून पडायचे. मग मी दुसरा नट लावून दाखवायचो. पहिला जरा ढिला ठेवायचा आणि दुसरा त्याच्यावर आवळून त्याला जागेवर धरायचा. आमच्याकडे त्याला चेक नट म्हणतात. हे समजायला अक्कल लागत नाही. आठ-नऊ वर्षांच्या वयात भोकाच्या पट्ट्यांशी खेळलेल्या पोराच्या बोटांना ते आधीच माहीत असतं. सोळाव्या वर्षी माझ्याकडे येऊन पहिल्यांदा नट हातात धरणाऱ्याला तेच शिकायला पंधरवडा जातो.

दरवर्षी हा पंधरवडा लांबत गेला. हे मी मोजून सांगत नाही, आकडा माझ्यापाशी नाही. पण एवढी वर्षं एकच काम करणाऱ्याला हाताखालचा माल बदललेला कळतो.

यातून मी व्हिडिओ गेमवर खापर फोडणार, असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नाही. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या एका बॅचमध्ये एक पोरगा होता, दिवसरात्र मोबाइलवर गेम खेळणारा. ड्रॉइंगच्या तासाला हाच सगळ्यांच्या पुढे. वस्तूचा समोरून, वरून आणि बाजूने असे तीन देखावे फळ्यावर काढले की त्यावरून ती वस्तू डोळ्यांपुढे उभी करणं भल्याभल्यांना जड जातं. हा पोरगा ती मनातल्या मनात फिरवून मागची भोकंसुद्धा सांगायचा. मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. पुढे वाचनात आलं की टोरंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ साली नेमकं हेच तपासलं होतं. गेम न खेळणाऱ्या मुला-मुलींना त्यांनी दहा तास मारधाडीचा गेम खेळायला लावला. वस्तू मनात फिरवून ओळखायच्या चाचणीत सगळ्यांची प्रगती झाली, आणि मुली मुलांपेक्षा जास्त सुधारल्या. तेव्हा गेममध्ये काहीच नाही, असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहत नाही. त्या पोराची गाडी अडली ती पुढे, कानस हातात आल्यावर. गुण्या लावून पाहिलं की उजेड दिसायचा, म्हणजे कडा काटकोनात नाही. तो चिडायचा. त्याच्या डोक्यातली वस्तू बिनचूक होती, लोखंड तिचं ऐकत नव्हतं.

तर गेममध्ये नक्की काय राहून जातं, याचं उत्तर मला माझ्या नातवाने दिलं. तो पुण्यात असतो, दहा वर्षांचा आहे आणि माइनक्राफ्टमध्ये पक्का मुरलेला आहे. हा गेम म्हणजे संगणकातलं विटांचं जगच आहे. एक-एक घनमीटरचे ठोकळे रचायचे, खाणी खणायच्या, वाडे बांधायचे. जगात सर्वांत जास्त खपलेल्या गेममध्ये तो अव्वल गणला जातो, आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी स्वीडिश कंपनी अडीच अब्ज डॉलर मोजून घेतली. पोरगा त्यात तास न् तास रमतो, त्यातल्या लाल धुळीच्या तारा जोडून आपोआप उघडणारी दारं करतो. हे साधंसुधं काम नाही. आमच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या मास्तरांना दाखवलं तर तेही मान डोलवतील. एकदा त्याने मला दरीवरचा लांबलचक पूल दाखवला. मी विचारलं, "याला खांब कुठे आहेत?" तो म्हणाला, "आजोबा, इथे पडत नाही."

खरंच पडत नाही. त्या जगात झाडाचा बुंधा तोडला तरी वरचा शेंडा हवेत तसाच राहतो. वाळू आणि खडी तेवढी खाली येते, बाकीचे ठोकळे लोंबकळत राहतात. ज्याने ते जग लिहिलं त्याने तसं ठरवलं.

त्याच वर्षीच्या दिवाळीत तो आमच्याकडे आला आणि अंगणात किल्ला करायला बसला. तुम्हीही लहानपणी केला असेल. दगड, विटांचे तुकडे, गोणपाट, चाळलेली माती, वर हळीव पेरायचे आणि चार दिवसांनी हिरवळ आली की मावळे मांडायचे. त्याने घाईघाईने नुसत्या चिखलाचा उंच बुरूज उभा केला. संध्याकाळी तो मधून फुगला आणि रात्रीत बसला. सकाळी पोरगा रडवेला झाला होता. कोणी पाडला, म्हणून मांजरावर आळ घेऊन झाला. मी काही बोललो नाही. दुसऱ्यांदा त्याने आत विटांचे तुकडे रचले, बाहेरून पातळ लिंपण दिलं आणि बुरूज खाली रुंद, वर निमुळता केला. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. रात्री झोपताना त्याने विचारलं, "आजोबा, खरे बुरूजपण आतून दगडांचेच असतात का?" हा प्रश्न त्याला पुलाच्या वेळी पडला नव्हता.

गेममध्येही हार असते, उलट जास्तच असते. पण ती हार बेतलेली असते. ती आटोक्यात ठेवून खेळणाऱ्याला पुढच्या पातळीवर नेण्यासाठी माणसं पगारावर बसलेली असतात. चिखलाला तुमची पर्वा नसते. बोल्टलाही नसते. तो अडतो तेव्हा का अडला हे तुम्हीच शोधायचं, आणि ते शोधणं म्हणजे आमच्या धंद्यातलं निम्मं शिक्षण.

हे जुन्या लोकांना माहीत होतं. फ्रोबेलने १८३७ साली जर्मनीत बालवाडी काढली तेव्हा मुलांच्या हातात एक लाकडी घन दिला, जो उघडला की आठ छोटे घन निघतात. फोडायचा, वेगळा रचायचा, पुन्हा जसाच्या तसा डबीत बसवायचा. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी काम करत होत्या. तिथे महागडं परदेशी साहित्य आणणं शक्यच नव्हतं. त्यांनी बिया, शिंपले, खडे, पानं हेच साहित्य केलं. ते हरवलं तर ओढ्यावरून दुसरं आणता यायचं.

लोखंडी पट्ट्यांची गोष्ट लिव्हरपूलची आहे. फ्रँक हॉर्नबी नावाचा एक कारकून आपल्या मुलांसाठी पत्र्याच्या पट्ट्या कापून त्यांना भोकं पाडायचा. १९०१ साली त्याने त्याचं पेटंट घेतलं आणि पुढे त्याला मेकॅनो हे नाव मिळालं. त्याची खरी हुशारी एवढीच होती की सगळी भोकं अर्ध्या इंचाच्या अंतरावर. त्यामुळे कुठलीही पट्टी कुठल्याही पट्टीशी जुळते. मँचेस्टरच्या प्राध्यापक हार्ट्रीने १९३४ साली आपल्या विद्यार्थ्याबरोबर याच खेळण्याच्या सुट्या भागांतून डिफरन्शियल समीकरणं सोडवणारं यंत्र उभं केलं. अमेरिकेतल्या एमआयटीत तसं मोठं यंत्र पाहून आल्यावर त्याला ते करून बघायचं होतं आणि हाताशी पैसे नव्हते. खेळण्यातलं यंत्र चाललं, म्हणून मोठ्या यंत्राला पैसे मिळाले.

आमच्या पिढीत मेकॅनो परवडणारी घरं थोडीच. पुढे मेकॅनिक्सचे देशी संच आले, तेही वाढदिवसाला एखाद्याच्याच घरी. आता लेगोचं कौतुक आहे, आणि ते खोटं नाही. आठ-आठ बटणांच्या एकाच रंगाच्या सहा विटा एकमेकींना जोडायच्या तर किती प्रकारे जोडता येतील, याचं गणित एका डॅनिश गणितज्ञाने संगणकावर केलं. उत्तर आलं ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. पण हल्ली बाजारात मिळणाऱ्या लेगोच्या बहुतेक खोक्यांत एकच गाडी आणि तिची पुस्तिका असते. मुलं पुस्तिकेबरहुकूम गाडी करतात आणि ती शोकेसमध्ये जाते. अशा खेळण्यापेक्षा मला माझ्या नातवाचा बिनखांबी पूल बरा वाटतो. तेव्हा 'जोडणीचं खेळणं' अशी पाटी लागली म्हणून वस्तू आपोआप शहाणी होत नाही, हेही लिहून ठेवतो.

महागडं लागतच नाही, हे एका गृहस्थांनी दाखवून दिलं. अरविंद गुप्ता कानपूर आयआयटीचे इंजिनिअर. पुण्यात टेल्कोत नोकरी करत असताना १९७८ मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. खेड्यातल्या बाजारात काय मिळतं ते पाहून त्यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब घेतली. ट्यूबचे छोटे तुकडे करायचे आणि त्यांच्या तोंडात काड्या खुपसायच्या, झाला सांधा. तुम्ही आज घरी करून पाहा, महोदय. चार काड्यांचा चौकोन करा. बोट लावलं की तो तिरका होऊन आडवा पडतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा. दाबा, ओढा, तो हलत नाही. मग चौकोनात एक तिरपी काडी घाला, तोही ताठ उभा राहतो. यानंतर पत्र्याच्या शेडखाली उभं राहून वर पाहिलंत तर लोखंडी कैच्या का लावतात, ते दिसायला लागतं. मी दर वर्षी हा प्रयोग वर्गात करायचो. शेड रोज डोक्यावर असायची आणि एकाही पोराने तोवर वर बघितलेलं नसायचं. गुप्तांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांचा त्रिकोण मात्र किती वर्गांत पोचला, हे तुमच्या खात्यालाच माहीत.

आता तुमच्या खात्याकडे येतो. केंद्राने २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' काढला, त्यात खेळणी आहेत, कोडी आहेत. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब सहावीपासून पुढच्या वर्गांना आहेत, एका लॅबला वीस लाखांपर्यंतचं अनुदान, थ्रीडी प्रिंटरसुद्धा. दोन्ही चांगल्या योजना आहेत. पण मध्ये तिसरी, चौथी, पाचवी राहते. आठ ते अकरा हे वय. याच वयात बोटांत जोर येतो, स्क्रू ड्रायव्हर धरता येतो आणि अजून परीक्षेचं ओझं आलेलं नसतं. नेमकी इथे पोकळी आहे आणि ती भरायला टॅब येतो, कारण तो मोजायला सोपा. गुणपत्रिकेत कार्यानुभव हा विषय अजून आहे म्हणतात. श्रेणी मिळते, काम कुठे असतं ते विचारू नका.

माझी मागणी नव्या योजनेची नाही. योजना आल्या की उद्घाटनं होतात, फोटो निघतात आणि प्लॅस्टिक शाबूत राहतं. मला दोन लहान गोष्टी हव्या आहेत.

पहिली तर हिशेबाची. शाळेत खडूची नोंद होते, पण वापरलेल्या खडूचे तुकडे कोणी परत मागत नाही, कारण खडू संपण्यासाठीच असतो. जोडणीचं सामान त्याच खात्यात घाला. शाळेला शंभर नट दिले आणि वर्षाअखेर साठ उरले, तर चाळीस वापरले गेले असं समजा. उलट ज्या शाळेत शंभरच्या शंभर भरतील, तिथे अधिकाऱ्यांनी जाऊन विचारावं. एक परिपत्रक काढायचं आहे, त्याला पैसे लागत नाहीत. चित्रकलेच्या रंगांना जो न्याय, तो नटाला मिळावा.

दुसरी गोष्ट आमच्या बाजूची. फिटर, वेल्डर, शीट मेटल या ट्रेडची पोरं पहिल्या वर्षी सरावासाठी पट्ट्या कापतात, त्यांच्यावर खुणा करतात, पंच मारतात, भोकं पाडतात, कडांचा बर काढतात. निदेशक गुण देतो आणि जॉब भंगारात जातो. अठ्ठावीस वर्षांत मी किती लोखंड असं भंगारवाल्याला दिलं, ते आठवलं की पोटात कालवतं. हाच जॉब अर्ध्या इंचाच्या, म्हणजे १२.७ मिलिमीटरच्या अंतरावर साडेचार मिलिमीटरची भोकं, असा ठेवला तर हॉर्नबीची पट्टी तयार होते. चार मिलिमीटरचे नट-बोल्ट कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळतात. आमच्या पोराला ते भोक बिनचूक पाडण्याचं कारण मिळेल, कारण चुकलं तर तिसरीतल्या कोणाची तरी पट्टी जुळणार नाही. आतापर्यंत त्याची चूक फक्त मला दिसायची. पत्रा पातळ घ्यावा, कडा गोल कराव्यात, आणि लहान मुलाच्या हाती जाण्याआधी प्रत्येक पट्टीवरून निदेशकाने स्वतःचा अंगठा फिरवावा. यातलं अवघड काम एकच आहे. आयटीआय कौशल्य खात्याकडे आणि शाळा तुमच्याकडे. दोन्ही फायली एका टेबलावर आणायच्या आहेत. मुलांच्या पट्ट्यांची भोकं जुळतात, खात्यांची जुळतील का, हे तुम्हीच पाहा.

हे अगदी हवेतलं नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, तिथे गावाच्या उपयोगाची खरी कामं करत करत मुलं शिकतात. मूलभूत तंत्रज्ञानाचा तो अभ्यासक्रम पुढे माध्यमिक शाळांतही गेला. त्यांनी हायस्कुलात केलं, मी तिसरीचं म्हणतो आहे.

टॅब काढून घ्या, असं माझं म्हणणं नाही. खेड्यातल्या मुलाला त्यातून जे दिसतं ते आम्हाला कधी दिसलं नव्हतं. माझ्या नातवाचा गेमही मी बंद करणार नाही. केलं तर तो माझ्याकडे यायचाच बंद होईल. बाईंच्या कपाटातले दोन्ही खण उघडे असावेत, एवढंच माझं मागणं.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (फिटर)
जि. सांगली

ता. क. पत्र लिहून ठेवलं आणि मध्ये चार महिने गेले. तेवढ्यात एक झालं. जुलैत मी बाईंना म्हणालो, खोका उघडा, नट कमी भरले तर पदरचे आणून देतो. त्यांनी भीत भीत प्लॅस्टिक फाडलं. परवा त्यांनी मोजदाद केली, सात नट कमी. सहांचा पत्ता नाही. सातवा चौथीतल्या एका मुलीच्या दप्तरात सापडला, सुतळीला बांधलेला. तिचे वडील गवंडी आहेत. तिने त्याचा ओळंबा केला होता आणि शाळेच्या भिंतीला लावून पाहिला होता. भिंत कुठे बाहेर झुकली आहे, ते तिने खडूने खूण करून दाखवलं. बाई विचारतात, हा नट रजिस्टरला जमा लिहायचा की खर्ची? कृपया कळवावे.